विमाकंपन्यांची सरकारांतील अनामत : ‘ठेव’ या वाचनाची चिकित्सा

बार्शीटाकळी येथील एका जुन्या घराचा माळा गेल्या उन्हाळ्यांत उतरविला गेला, तेव्हां कागदांचें एक बाड माझ्याकडे आलें. बाड मोठें नव्हतें. कापसाच्या अडतीचे हिशेब, दोन सोयरिकींचीं पत्रें, कांहीं सारापावत्या, आणि मध्यें मेणकापडांत वेगळें गुंडाळलेलें इ. स. १९४१ चें एक विमापत्र. त्याच्या घडींत हप्त्यांच्या पावत्या व कंपनीचें एक छापील मराठी जाहिरातपत्रक होतें. कंपनीची दोन लक्ष रुपयांची ठेव सरकारांत आहे, अशा अर्थाची ओळ ह्या पत्रकावर इतर मजकुराच्या दुप्पट ठशांत छापली आहे. कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. अशी ओळ छापणारी ती एकटीच नव्हती.

बाडाची यादी करतांना ह्या कागदांपुढें मीं ‘विमापत्र, पावत्या व सरकारी ठेवीचा दाखला’ अशी नोंद केली आणि यादीची एक प्रत घरधन्यांस पाठविली. आठवडा झाला नाहीं तों विमा उतरविणाऱ्या गृहस्थांचा नातू माझ्या ओटीवर येऊन बसला. म्हणाला, “गुरुजी, त्या दोन लाखांतलं आमाले काई भेटन काय?” मीं त्यास सहज नाहीं म्हटलें, परंतु कां नाहीं हें सांगावयास लागलों तेव्हां माझ्याच नोंदीनें मला अडविलें. ‘ठेव’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही शब्द चुकले होते. पत्रक हा दाखला नव्हे, ती जाहिरात. आणि ज्या वस्तूविषयीं तें बोलतें ती ठेव नव्हे. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या मनुष्यानें निक्षेप आणि आधि यांत घोटाळा करावा ही गोष्ट लाजिरवाणी खरी. पण तोच घोटाळा संग्राहकांच्या याद्यांत, आणि देशी विमाधंद्यावर लिहिणाऱ्यांच्या लेखांतहि, माझ्या दृष्टीस पुनःपुन्हा पडला आहे. म्हणून त्याची चिकित्सा येथें करतों.

आमच्या गांवच्या देवालयांत शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६ चा, शिलालेख आहे व तो एपिग्राफिया इंडिकांत छापून झाला आहे. गांवीं येणारा अभ्यासू पाहुणा प्रथम त्याचा ठसा मागतो; १९४१ चा विमाकागद त्याच्या लेखीं रद्दी. हें स्वाभाविक आहे. परंतु शिलालेखांतलें एक अक्षर चुकीचें वाचलें तर बहुधा एखाद्या मांडलिकाची वंशावळ बिघडते. ह्या कागदांतला एक शब्द चुकीचा वाचला तर घरोघरच्या माणसांनीं पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले ते कोणत्या भरंवशावर, ह्याचाच इतिहास उलटा होतो.

प्रथम वस्तु काय होती तें पाहूं. तिचें मूळ इंग्लंडांत आहे. अनेक लहान कंपन्या गिळून फुगलेली अल्बर्ट लाइफ अ‍ॅशुरन्स कंपनी १८६९ सालीं बुडाली. तिचा धंदा हिंदुस्थानांतहि होता. दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटनें आयुर्विमा कंपन्यांचा कायदा केला, आणि नव्या कंपनीनें धंदा मांडण्यापूर्वीं वीस हजार पौंड कोर्ट ऑफ चान्सरींत भरावे असें ठरविलें. योगायोग असा कीं त्याच १८७० सालीं मुंबईस बॉम्बे म्यूच्युअल ही पहिली देशी आयुर्विमा संस्था निघाली, आणि १८७४ सालीं ओरिएंटल. परंतु इकडे असें बंधन घालावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. स्वदेशीच्या चळवळीबरोबर विमाकंपन्या पावसाळ्यांतल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवूं लागल्या, तेव्हां सरकारनें १९१२ चा हिंदी आयुर्विमा कंपन्यांचा कायदा केला. त्यानें अनामत टप्प्याटप्प्यानें वाढवीत दोन लक्षांपर्यंत नेण्याचें बंधन घातलें. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी १९१३ सालची, म्हणजे ती जन्मली तीच हें बंधन गळ्यांत घेऊन. मुंबईच्या आद्य संस्था आणि ही सातारची संस्था यांचे प्रारंभींचे कागद शेजारीं ठेवून वाचणारानें हा भेद आधीं लक्षांत घ्यावा.

पुढें १९३८ चा विमा कायदा आला. तो १ जुलै १९३९ पासून अमलांत आला. माझ्यापुढील विमापत्र ह्या कायद्याखालचें आहे. त्याच्या सातव्या कलमानें केवळ आयुर्विमा करणाऱ्या कंपनीस दोन लक्ष, केवळ आगीचा विमा करणाऱ्या कंपनीस दीड लक्ष, अशा रकमा ठरवून दिल्या. रक्कम रोख चाले किंवा मान्य कर्जरोख्यांच्या रूपानें चाले. रोख्यांची किंमत ठेवल्या दिवशींच्या बाजारभावानें धरावयाची. आणि सर्व माल मध्यवर्ती सरकारच्या वतीनें रिझर्व्ह बँकेच्या हातीं राहावयाचा. पत्रकावरील दोन लक्ष ते हेच. कंपनीनें औदार्यानें अथवा दूरदृष्टीनें ठेवलेले नव्हेत. त्यावांचून तिला दुकान उघडतांच आलें नसतें. जें सर्वांस सक्तीचें तें आपल्या भूषणाचें म्हणून छापणें, ही जाहिरातीची जुनीच रीत आहे.

आतां पाठाकडे वळतों. सातव्या कलमाचा इंग्रजी पाठ नुसतें ‘ठेवावें’ म्हणत नाहीं. ‘ठेवावें आणि ठेवलेलें राखावें’ अशा अर्थाचें दुहेरी क्रियापद त्यांत आहे. ही द्विरुक्ति कारकुनी नव्हे. १८७० च्या इंग्रजी कायद्यांत कंपनीचा आयुर्विमा निधि चाळीस हजार पौंड झाला कीं भरलेले वीस हजार तिला परत मिळत. म्हणजे जेव्हां विमा उतरविणारे थोडे तेव्हां अनामत होती, आणि जेव्हां ते पुष्कळ झाले व देण्याचा भार वाढला तेव्हां ती उठून गेली! ह्यावरून तिकडची अनामत काय होती तें उघड होतें: तो वेशीवरचा जकातनाका होता, वाड्याची तटबंदी नव्हती. भुरट्यांनीं आंत शिरूं नये एवढाच तिचा हेतु. इकडच्या कायद्यानें ‘ठेवलेलें राखावें’ हें पद घालून नाक्याचें ठाणें केलें. तें ठाणें किती मजबूत होतें, हा प्रश्न पुढें येईल.

परंतु खरा अर्थ सातव्या कलमांत नाहीं, आठव्यांत आहे, आणि जाहिरातदारांनीं व त्यांच्या मागून आम्हीं याद्या करणारांनीं नेमकें तेंच सोडून दिलें. त्या कलमाचा आशय असा. ही अनामत कंपनीच्या मालमत्तेचाच भाग समजावयाची. परंतु कंपनीला ती दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं, तिच्यावर बोजा चढवितां येत नाहीं. विमापत्रांवरून उत्पन्न झालेलीं देणीं शिल्लक आहेत तोंवर दुसऱ्या कोणत्याहि देण्याकडे ती लावतां येत नाहीं. कोणा सावकारानें कंपनीवर हुकूमनामा मिळविला तरी त्याची जप्ती हिला लागत नाहीं. जप्ती लागते ती फक्त विमापत्रधारकाच्या हुकूमनाम्याची, आणि तीहि त्याची रकम दुसऱ्या कोणत्याच मार्गानें वसूल झाली नाहीं असें ठरल्यावर. आयुर्विम्यासाठीं ठेवलेली अनामत आयुर्विम्याच्याच देण्यांस. एवढें वाचल्यावर ‘सरकारांत ठेव आहे’ ह्या वाक्याचा किती भाग खरा उरतो हें वाचकांनींच पाहावें.

आतां ह्या वस्तूस नांव काय द्यावें? आमच्या धर्मशास्त्रकारांना पैसा परक्या हातीं ठेवण्याचे प्रकार अपरिचित नव्हते. मनु व नारद यांच्या व्यवहारपदांत ऋणादानाच्या लगोलग दुसरें पद निक्षेपाचें आहे; कौटिल्यानेंहि औपनिधिकाचें प्रकरण स्वतंत्र लिहिलें. याज्ञवल्क्याचें उपनिधिप्रकरण अवघ्या तीन श्लोकांचें आहे, पण त्यांत बहुतेक सर्व येतें. आंत काय आहे तें न सांगतां पेटीसारख्या भांड्यांत घालून दुसऱ्याच्या हातीं जें दिलें तें औपनिधिक, आणि तें जसेंच्या तसें परत केलें पाहिजे. राजा, दैव किंवा चोर यांनीं नेलें तर सांभाळणाऱ्याकडे दोष नाहीं. मागूनहि दिलें नाहीं आणि मग नाहींसें झालें, तर मात्र त्यानें भरून द्यावें. आपल्या मनानें तें वापरून जो निर्वाह करील त्यास दंड, आणि माल व्याजासह परत. याचित, अन्वाहित, न्यास, निक्षेप यांनाहि हाच विधि. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत ह्यांचे भेद नीट सांगितले आहेत: समक्ष स्वाधीन केला तो निक्षेप, घरधनी घरीं नसतां, त्यास द्यावा म्हणून घरच्या माणसांच्या हातीं दिला तो न्यास. मिताक्षरा आमच्या गांवच्या त्या शिलालेखाहून फार तर शंभर वर्षांनीं जुनी, आणि दोन्ही चालुक्यांच्या काळाशीं निगडित. तेव्हां हे शब्द ह्या मुलुखांत कालपरवांचे नव्हेत.

ह्या सर्व प्रकारांस एक सूत्र आहे. जो ठेवतो त्याच्याच हितासाठीं ठेव असते. तो मागेल तेव्हां ती परत द्यावी लागते. आणि दिली तीच वस्तु परत मिळते. आपली ‘ठेव’ ती हीच. यात्रेस निघालेला मनुष्य शेजाऱ्याकडे दागिन्यांचा डबा देतो, परत आल्यावर तोच डबा मागून घेतो. आतां ह्या कसोटीला सातवें-आठवें कलम लावा. कंपनी ठेवते, पण हित कंपनीचें नाहीं, परक्या विमापत्रधारकांचें आहे. कंपनीनें मागितली म्हणून अनामत परत मिळत नाहीं. धंदा बंद होऊन विमापत्रांचीं सर्व देणीं फिटलीं अथवा त्यांची तजवीज झाली, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. आणि वस्तु तीच राहावी असाहि आग्रह नाहीं. एक रोखा काढून त्याच्या मोलाचा दुसरा मान्य रोखा अगर रोकड ठेवण्यास कायद्याची हरकत नव्हती. तीनहि लक्षणें गेलीं. शिल्लक राहिलें तें एवढेंच कीं मालकी कंपनीची आणि रोख्यांचें व्याजहि कंपनीचें. तेवढ्यावरून ‘ठेव’ म्हणणें म्हणजे शेपटी पाहून म्हैस ओळखण्यासारखें आहे.

(जातां जातां सांगतों: बँकेंतल्या ठेवीसहि शास्त्रदृष्ट्या निक्षेप म्हणतां येणार नाहीं. बँक तो पैसा वापरते व तेवढ्या रकमेची ऋणको होते, असें इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८४८ सालींच ठरविलें. याज्ञवल्क्याच्या हिशेबीं तें ऋणादान होय. पण तेथें ‘ठेव’ शब्द इतका रुळला आहे कीं आतां तो हलविणें नको. आमच्या घोटाळ्याचें मूळहि कदाचित् तेथेंच असेल. बँकेंत ठेवलें तें ठेव, एवढें साधें समीकरण डोक्यांत बसलेलें.)

मग तारण म्हणावें काय? आधि म्हणजे तारण. ऋणको धनकोच्या हातीं देतो तें. त्याचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत: नुसतें राखावयाचें तें गोप्य, आणि ज्याचें उत्पन्न धनकोनें खावयाचें तें भोग्य. अनामतीचें व्याज कंपनीस मिळे, बँक किंवा सरकार तें खात नसे. म्हणून ती भोग्याधि नव्हे. गोप्याधीशीं मात्र तिचें पुष्कळ जमतें. अडचण दोन ठिकाणीं येते. एक, राखणारा धनको नसून तिसराच आहे. दोन, आधि कांहीं ठराविक ऋणासाठीं असतो. येथें ऋण कोणाचें, किती, केव्हांचें हें ठेवण्याच्या दिवशीं कोणासच ठाऊक नसतें. आज ज्यानें अर्जहि केला नाहीं तो उद्यां विमापत्र घेऊन त्याच दोन लक्षांवरचा हक्कदार होतो. उलट कालचा हक्कदार हप्ता चुकवून बाहेर जातो. अशा फिरत्या धनकोसमूहासाठीं राखलेल्या आधीला स्मृतींत नांव नाहीं, आणि नसावें हें योग्यच, कारण असला समूहच त्या काळीं नव्हता.

तिसरा शब्द जामीन. याज्ञवल्क्याच्या प्रतिभूंचे तीन प्रकार आहेत: दर्शनाचा, प्रत्ययाचा व दानाचा. पहिला मनुष्यास हजर करण्याचें पत्करतो, दुसरा त्याच्या विश्वासूपणाची हमी देतो, तिसरा तो न देईल तर मी देईन म्हणतो. आमच्या दप्तरांतले हाजिर जामीन आणि माल जामीन हे ह्यांतल्या पहिल्याचे व तिसऱ्याचे वंशज. आठव्या कलमांतील ‘दुसऱ्या मार्गानें वसूल न झाल्यास’ ही अट दानप्रतिभूची आठवण करून देते खरी. पण प्रतिभू आपल्या पदरचें देतो. येथें सरकार पदरचा एक छदामहि देत नव्हतें. कंपनीचाच पैसा कंपनीच्या हातांतून काढून कुलपांत ठेवीत होतें. आणि सामान्य वाचकाची फसगत झाली ती नेमकी येथेंच. ‘सरकारांत’ ह्या सप्तमीचा अर्थ त्यानें ‘सरकारकडून’ असा तृतीयेचा घेतला. कंपनी बुडाली तरी सरकार देईल, अशी समजूत झाली. ती जाहिरातीच्या अक्षरांत कोठेंहि लिहिलेली नव्हती, आणि तिच्या ठशाच्या जाडींत पुरी भरलेली होती.

माझ्या मतें ह्या वस्तूस ‘अनामत’ हाच शब्द ठीक. ह्यावर आक्षेप येईल कीं अनामत म्हणजे मूळ अरबी अमानत, म्हणजे विश्वासानें सोंपविलेली वस्तु. मग ठेव आणि अनामत यांत अंतर काय? मूळ अर्थ तोच, हें कबूल. परंतु योगार्थापेक्षां रूढि बलवान् हा नियम आम्हीं मीमांसकांकडून शिकलों आहोंत. मराठी हिशेबांत ‘अनामत खातें’ म्हणजे ज्या रकमेचा शेवट कोणाकडे हें ठरावयाचें आहे ती बाजूस मांडून ठेवण्याचें खातें; निवडणुकींत उमेदवार भरतो ती अनामत रक्कम अटीवर परत मिळते, एरवीं जाते. दोन्हींकडे ‘अट पुरी होईपर्यंत मालकालाहि हात लावतां येत नाहीं’ हा भाव आहे, आणि विमाकंपनीच्या दोन लक्षांचें तेंच मुख्य लक्षण. यादींत ‘राखीव अनामत’ असें लिहिल्यास आठव्या कलमाचा आशयहि सूचित होईल. मात्र पत्रकावर मूळ शब्द ‘ठेव’ असेल तर तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा उतरावा. दुरुस्ती आपल्या वर्णनांत करावी, पाठांत नव्हे.

ठाणें किती मजबूत होतें, तें पाहण्याचें राहिलें आहे. रकमेकडे पाहिलें तर ती कंपनीच्या आकारमानाप्रमाणें बदलत नव्हती. गांवढ्या जागीं निघालेल्या चिमुकल्या कंपनीस दोन लक्ष म्हणजे छातीवरचा धोंडा. सबंध देशांत पसरलेल्या कंपनीस तेच दोन लक्ष म्हणजे नैवेद्याचा घांस. १९१२ त दोन लक्ष आणि १९३८ तहि दोन लक्ष. अनामतीचा कांहीं भाग देण्यांत खर्ची पडला तर कंपनीनें दोन महिन्यांत तो भरून काढावा, असें १९३८ च्या कायद्यानें सांगितलें हें चांगलें केलें; परंतु जिची अनामत खर्ची पडण्याची वेळ आली ती दोन महिन्यांत कोठून भरणार, हा प्रश्न मला तरी सुटत नाहीं. शिवाय रोख्यांची किंमत ठेवल्या दिवशींची. संग्राहकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें: कागदावर ‘दोन लक्ष’ असेल तर तें त्या एका दिवसाचें मोल आहे, पुढील वर्षांचें नव्हे.

म्हणून अनामत व्यर्थ होती, असें मात्र मी म्हणणार नाहीं. हाताशीं भांडवल नसतां केवळ नव्या हप्त्यांवर जुने दावे भागविण्याच्या बेतानें निघणाऱ्या कंपन्यांना तिनें उंबऱ्याशींच थांबविलें असलें पाहिजे. ज्याला दोन लक्षांचे रोखे उभे करतां येत नाहींत त्यानें दुसऱ्याच्या मरणाचा धंदा करूं नये, हें शहाणपण तिच्यांत होतें. तिचा मान नाकेदाराचा. तिला कोतवालाचा मान दिला तो पत्रकें छापणारांनीं.

पुढची हकीकत थोडक्यांत. १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ अस्तित्वांत आलें आणि २४५ संस्थांचा धंदा, म्हणजे १५४ देशी, १६ परदेशी व ७५ प्रॉव्हिडंट संस्थांचा, मालमत्तेसह व देण्यांसह त्यांत गेला. १९९९ सालीं विमाक्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांस मोकळें झालें, तेव्हां सातव्या कलमांतील ठराविक आंकडे जाऊन प्रमाण आलें: आयुर्विम्यास हिंदुस्थानांतील एकूण हप्त्याच्या शेंकडा एक, इतर विम्यास शेंकडा तीन, पण दोहोंसहि कमाल मर्यादा दहा कोटींची, पुनर्विम्यास सरळ वीस कोटी. म्हणजे जुनाच दोष वरच्या टोंकास कायम राहिला. अखेर २०१५ च्या दुरुस्तीनें अनामतीचें हें सातवें कलमच गाळून टाकलें. आतां भिस्त आहे ती देणीं भागवून वर उरणाऱ्या अधिक मालमत्तेवर. नियमानें काढलेल्या रकमेच्या निदान दीडपट असें अधिक्य राखावें, असा नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. हा विचार मला जुन्याहून सरस वाटतो, कारण तो देण्याचें माप पाहून धनाचें माप ठरवितो. पण त्यांत एक गोष्ट हरवली. दोन लक्ष रुपये अमुक पेढींत कुलपांत आहेत, हें खेड्यांतल्या मनुष्यास समजत होतें. अधिक्याचें गुणोत्तर त्यास समजत नाहीं. तो आतां कशावर विश्वास ठेवीत असेल, तें पुढील संशोधकांनीं शोधावें.

आतां इतिहास लिहिणारांच्या एका चुकीविषयीं, कारण तिनें आंकडे बिघडतात. आठव्या कलमाप्रमाणें अनामत ही कंपनीच्या मालमत्तेचाच भाग. म्हणून ताळेबंदांत ती मालमत्तेच्या बाजूस, रोख्यांच्या सदरांत येते. आयुर्विमा निधि येतो तो देण्याच्या बाजूस. समजा, एका कंपनीचा निधि दहा लक्षांचा आहे आणि त्याच्या पाठीशीं असलेल्या मालमत्तेंत दोन लक्षांची अनामत आहे. तर कंपनीचें बळ दहा लक्ष, बारा नव्हे. ‘दहा लक्षांचा निधि असून शिवाय दोन लक्षांची ठेव सरकारांत होती’ असें जें वाक्य कौतुकाच्या लेखांत येतें, त्यांतील ‘शिवाय’ हा शब्द चुकीचा आहे. तो जाहिरातींतून उचललेला असतो. ताळेबंद पाहिला असता तर तो लिहितांच आला नसता.

आणि ताळेबंद पाहावयास मिळत नाहीं ह्यास आम्ही संग्राहकच जबाबदार आहोंत. भागपत्रांवर वेलबुट्टी असते, विमापत्रावर देवीचें किंवा दीपस्तंभाचें चित्र असतें, म्हणून तीं चौकटींत जातात. वार्षिक अहवाल पांढऱ्या कागदावर, बारीक टाइपांत, आंकड्यांनीं भरलेला, म्हणून तो तोलानें जातो. मीं स्वतः एका रद्दीवाल्याकडून चित्राचें विमापत्र घेतलें आणि त्याच गठ्ठ्यांतले तीन अहवाल तसेच सोडून आलों. दुसऱ्या दिवशीं गेलों तेव्हां गठ्ठा नव्हता. त्या अहवालांशिवाय ते विमापत्र आतां माझ्याकडे मुकें पडलें आहे.

वऱ्हाडापुरती एक सूचना येथें जोडतों. हा प्रांत १८५३ पासून इंग्रजी कारभाराखालीं असला तरी निजामाचें स्वामित्व कागदोपत्रीं राहिलें. १९०२ च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें आला आणि पुढल्या वर्षीं मध्यप्रांताशीं जोडला गेला. म्हणून इंग्रजी मुलुखांतले कायदे येथें आपोआप चालत नसत, ते वेगळ्या जाहीरनाम्यांनीं लागू करावे लागत. १९४१ सालीं त्यासाठीं ‘बेरार लॉज’ नांवाचा स्वतंत्र कायदाहि झाला. अकोल्या-अमरावतीच्या जुन्या व्यापारी कागदांवर टीप लिहितांना कायद्याचें साल तेंच वऱ्हाडांतल्या अमलाचें साल, असें गृहीत धरूं नये.

त्या मुलाला शेवटीं काय सांगितलें तें लिहिलें पाहिजे. त्यास म्हटलें, ते दोन लक्ष तुमच्या आजोबांचे कधींच नव्हते, सरकारचेहि नव्हते. कंपनीचे होते, आणि कंपनीनें आजोबांसारख्यांचें देणें चुकविलें असतें तरच त्यांवर हात टाकतां आला असता. १९५६ त कंपनीची मालमत्ता व देणीं महामंडळाकडे गेलीं, तेव्हां कांहीं निघणारच असेल तर तें विमापत्रावरून निघेल, अनामतीवरून नव्हे. १९३८ च्या कायद्याच्या ११३ व्या कलमानें लागोपाठ तीन वर्षांचे हप्ते भरलेल्या विमापत्राला कांहीं मोल राहत असे. हप्ते थांबले तरी तें अगदींच मरत नसे. हें ऐकून त्यानें पावत्या माझ्याकडून मागून घेतल्या आणि ओटीवर एकेक मांडून मोजल्या. तिमाही हप्त्यांच्या आठ निघाल्या. म्हणजे दोन वर्षें. १९४३ नंतरची एकहि नाहीं. त्या वर्षीं घरांत काय झालें तें त्यास ठाऊक नव्हतें, अडतीच्या वह्याहि तेथेंच संपतात.

तो कांहीं वेळ बसला. मग म्हणाला, “मंग आजोबानं हे मेणकापडांत काहून गुंडालून ठेवलं असन?” ह्या प्रश्नाचें उत्तर ठशाच्या जाडींत आहे असें मला वाटतें, पण तें मीं त्यास सांगितलें नाहीं.

यादींतील नोंद पुढीलप्रमाणें दुरुस्त केली आहे: ‘आयुर्विमापत्र, इ. स. १९४१, तिमाही हप्त्यांच्या पावत्या ८, कंपनीचें छापील जाहिरातपत्रक १, त्यावर विमा कायदा कलम ७ खालील दोन लक्षांच्या राखीव अनामतीचा “ठेव” या शब्दानें उल्लेख.’ कागद घरधन्यांच्या संमतीनें माझ्याकडेच आहेत व पहिल्याच मेणकापडांत आहेत. पाहूं इच्छिणारांनीं आगाऊ कळवावें.